ग्रीनलंड आफ्रिकेएवढं नाही: जगाच्या नकाशाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूगोलाच्या तासाला भिंतीवर, बँकेच्या दिनदर्शिकेवर, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलामागे असा जगाचा नकाशा आपण इतक्या वेळा पाहतो, की पुढे पुढे तो पृथ्वीचा फोटोच वाटायला लागतो. मग कुणी विचारलं, ‘भारत मोठा की ग्रीनलंड?’, तर बरेच जण क्षणाचाही विचार न करता ग्रीनलंड म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचं सुमारे २१ लाख ६६ हजार. म्हणजे भारत ग्रीनलंडच्या दीडपट.

गेल्या काही वर्षांत ही गोष्ट रील्समधून आणि व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून घरोघरी पोहोचली आहे. पण तिच्याबरोबर ‘शाळेनं आपल्याला फसवलं’, ‘हा गोऱ्यांचा डाव होता’, ‘खरा नकाशा लपवून ठेवलाय’ हेही पोहोचलं. जुना गैरसमज जाऊन त्याच्या जागी नवा येऊन बसला. म्हणून इथे जुन्या आणि नव्या, दोन्ही गैरसमजांची झाडाझडती घेऊ.

गैरसमज १: नकाशावर जो देश मोठा दिसतो, तो मोठा असतो.

वस्तुस्थिती: नेहमीच्या पाहण्यातला आयताकृती नकाशा बहुधा मर्केटर प्रक्षेपणाचा असतो (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत). त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. आफ्रिकेचं क्षेत्रफळ मात्र ३ कोटी चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आहे. तिच्यात चौदा ग्रीनलंड बसतात. एकटा अल्जीरिया किंवा एकटा काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा देशसुद्धा ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे.

रशियाचंही तसंच. नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला रशिया आफ्रिकेला सहज गिळेल असं वाटतं. रशियाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर आहे. जगातला सगळ्यात मोठा देश तो आहेच, पण आफ्रिका खंड त्याच्या पावणेदोन पटीहून मोठा आहे. चीन, अमेरिका आणि भारत असे तिन्ही देश आफ्रिकेत ठेवले, तरी जपान आणि पश्चिम युरोपातले मोठे देश मावतील एवढी जागा उरते.

अलास्का आणि ब्राझील नकाशावर जुळे भाऊ वाटतात, पण ब्राझील अलास्काच्या जवळपास पाचपट आहे. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे तिघे मिळून भारताहून मोठे दिसतात. त्यांची बेरीज मात्र १२ लाख चौरस किलोमीटरच्या आत राहते, म्हणजे भारताच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी. आणि नकाशाच्या तळाशी न संपणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यासारखं पसरलेलं अंटार्क्टिका प्रत्यक्षात साधारण १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचं, आफ्रिकेच्या निम्म्याहूनही लहान.

गैरसमज २: नीट मेहनत घेतली, तर पृथ्वी कागदावर जशीच्या तशी उतरवता येते.

वस्तुस्थिती: येत नाही. याचं कारण पृथ्वीगोल कसा तयार होतो ते पाहिलं की कळतं. कारखान्यात गोलावर थेट नकाशा छापत नाहीत. सपाट कागदावर दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या लांबट पाकळ्या छापतात, बहुधा बारा, आणि त्या कापून गोलावर एकीशेजारी एक चिकटवतात. बारा पाकळ्या म्हटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला ३० रेखांश येतात. विषुववृत्तावर या पाकळीची रुंदी खऱ्या पृथ्वीच्या मापानं सुमारे ३,३४० किलोमीटर असते. साठाव्या अक्षवृत्तावर ती निम्मी, म्हणजे १,६७० किलोमीटर होते. ऐंशीव्या अक्षवृत्तावर उरते ५८० आणि ध्रुवावर शून्य.

आता या पाकळ्या गोलावर न चिकटवता टेबलावर शेजारी शेजारी मांडा. विषुववृत्ताजवळ त्या एकमेकींना टेकतात. वर-खाली सरकलं की मधे फटी पडत जातात, त्या फटीत समुद्र दुभंगतो, देश फाटतात. अखंड आयत हवा असेल तर फटी बुजवायला हव्यात आणि त्या बुजवायच्या म्हणजे पाकळी आडवी ताणायची. साठाव्या अक्षवृत्तावर ती दुप्पट ताणावी लागते, ऐंशीव्यावर पावणेसहा पट. नुसतं आडवं ताणलं तर देश चपटे होतील, म्हणून मर्केटर प्रक्षेपणात तितकंच उभंही ताणतात. आकाराची ठेवण टिकते, पण आडवी दुप्पट आणि उभी दुप्पट मिळून क्षेत्रफळ चौपट होतं. ग्रीनलंडचा मोठा भाग सत्तराव्या अक्षवृत्ताच्या पुढे आहे आणि तिथे हा गुणाकार दहाच्या घरात जातो. ध्रुव तर या नकाशावर दाखवताच येत नाही, कारण शून्य रुंदीची रेघ कितीही ताणली तरी आयताच्या कडेएवढी होत नाही.

हे ताणणं टाळण्याची युक्ती कुणाला सापडली नाही असं नव्हे, ती असूच शकत नाही. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिक गाउस यानं १८२७ मध्ये हे गणितानं सिद्ध केलं. गोलाच्या पृष्ठभागाला जी वक्रता आहे ती सपाट कागदाला नाही, त्यामुळे कुठेतरी ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. क्षेत्रफळ, आकार, अंतर आणि दिशा हे चारही गुण एकाच सपाट नकाशात सर्वत्र टिकत नाहीत. नकाशा काढणाऱ्याला एवढंच ठरवता येतं की काय राखायचं आणि काय सोडायचं.

गैरसमज ३: मर्केटरनं युरोपला मोठं आणि आफ्रिका-आशियाला लहान दाखवण्यासाठी हा नकाशा रचला.

वस्तुस्थिती: या नकाशाची गोष्ट दर्यावर्दींच्या एका अडचणीपासून सुरू होते आणि तिचा एक धागा गोव्यापर्यंत येतो.

पोर्तुगीज सरदार मार्तिम अफोन्सो द सूझा १५३३ मध्ये ब्राझीलच्या मोहिमेवरून परतला. परतल्यावर त्यानं पेद्रो नूनेश या गणितज्ञापुढे काही शंका मांडल्या. होकायंत्राच्या एकाच दिशेवर जहाज ठेवलं तरी गोल पृथ्वीवर त्याची वाट नेमकी कशी वळते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. त्यांना उत्तर देताना नूनेशनं १५३७ मध्ये दाखवून दिलं की एकच दिशा धरून निघालेल्या जहाजाचा मार्ग गोलावर सरळ राहत नाही, तो सर्पिल होऊन ध्रुवाकडे वळत जातो. पुढे हाच द सूझा पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन १५४२ मध्ये गोव्यात उतरला. त्याच प्रवासात फ्रान्सिस झेवियरही त्याच्याबरोबर होता.

सर्पिल रेघ कागदावर आखून तिच्यावरून जहाज हाकणं कुणाला जमणार? खलाशाला हवी होती पट्टीनं ओढता येणारी सरळ रेघ. ती दिली गेरार्डस मर्केटरनं. १५१२ मध्ये आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला हा माणूस मुळात कोरीवकाम करणारा, उपकरणं घडवणारा आणि पृथ्वीगोल बनवणारा. १५४१ च्या आपल्या पृथ्वीगोलावर त्यानं त्या सर्पिल रेघा प्रत्यक्ष कोरल्या होत्या. पुढे पाखंडीपणाच्या आरोपावरून त्याला काही महिने तुरुंगात काढावे लागले. १५५२ मध्ये तो जर्मनीतल्या ड्युइसबर्गला स्थायिक झाला आणि तिथेच १५६९ मध्ये त्यानं अठरा कागदांचा, जोडला की दोन मीटर रुंद होणारा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. तो दर्यावर्दींच्या उपयोगासाठी आहे, हे त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच म्हटलेलं आहे.

त्यात खुबी एकच होती. निघायचं ठिकाण आणि पोहोचायचं ठिकाण पट्टीनं जोडा, ती रेघ उत्तरेशी किती अंशांचा कोन करते ते मोजा आणि होकायंत्रावर तोच कोन धरून चालत राहा, म्हणजे मुक्कामी पोहोचाल. हा गुण मिळवण्यासाठी क्षेत्रफळाचा बळी द्यावा लागला आणि तो जाणून बुजून दिला. ध्रुव आयतात बसत नाही हे ठाऊक असल्यानं मर्केटरनं नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर ध्रुवाचा वेगळा गोल नकाशा काढून ठेवला होता. मर्केटरच्या काळी या ताणण्याचं नेमकं गणित हाताशी नव्हतं. ते कोष्टकांच्या रूपात इंग्रज गणितज्ञ एडवर्ड राइट यानं १५९९ मध्ये छापलं आणि त्यानंतर हे प्रक्षेपण दर्यावर्दींच्या हळूहळू अंगवळणी पडलं.

आणखी एक गोष्ट बोलकी आहे. मर्केटर गेल्यानंतर, १५९५ मध्ये त्याचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातला जगाचा नकाशा त्याचा मुलगा रुमोल्ड यानं काढला होता. तो दोन शेजारी शेजारी गोलार्धांचा आहे, ‘मर्केटर’ पद्धतीचा नव्हे. घरात बसून जग पाहणाऱ्या वाचकासाठी मर्केटरच्या घरानंच मर्केटर प्रक्षेपण निवडलं नाही.

मग ‘डाव’ म्हणणाऱ्यांचं सगळंच खोटं का? तसंही नाही. जहाजाच्या टेबलावरचा नकाशा शाळेच्या भिंतीवर कुणीतरी आणला, आणि तो तिथे टिकला याला साम्राज्याचीही मदत झाली. ब्रिटिश साम्राज्याचा विस्तार दाखवणारा १८८६ चा एक प्रसिद्ध सजावटी नकाशा याच प्रक्षेपणात आहे. त्यात साम्राज्याचे मुलूख गुलाबी रंगवलेले आहेत, आणि फुगलेला कॅनडा त्या रंगाला आयताच भरपूर जागा मिळवून देतो. दोष लावायचाच तर त्या वापराला लावावा. १५६९ मध्ये ड्युइसबर्गच्या कारागिराला ना ब्रिटिश साम्राज्य ठाऊक होतं ना शाळेचा फळा.

गैरसमज ४: हा नकाशा उत्तरेला मोठं करतो आणि दक्षिणेला लहान.

वस्तुस्थिती: तो फक्त विषुववृत्तापासूनचं अंतर पाहतो, दिशा पाहत नाही. ताणणं उत्तरेला आणि दक्षिणेला अगदी सारखं आहे. म्हणून सगळ्यात जास्त फुगते ती दक्षिणेची अंटार्क्टिका. न्यूझीलंड आणि अर्जेंटिनाचं दक्षिण टोकही फुगतं. उत्तरेकडचे देश जास्त फुगलेले दिसतात, कारण जगातली बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे आणि दक्षिणेला त्या अक्षांशांवर बहुतेक समुद्रच आहे. समुद्र फुगला तर कुणाच्या लक्षात येतो? शिवाय पुष्कळ भिंतीवरच्या नकाशांत अंटार्क्टिका कापून टाकलेली असते. त्यामुळे विषुववृत्त कागदाच्या मध्यावर न राहता खाली सरकतं आणि उत्तरेला जास्तीची जागा मिळते. ती मात्र छापणाऱ्याची करामत आहे, प्रक्षेपणाची नव्हे.

हिशोब घरच्या घरी करता येतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अक्षांशाचं ‘कॉस’ काढा, एकाला त्यानं भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. त्या ठिकाणी क्षेत्रफळ किती पट फुगलं ते मिळतं. मुंबई साधारण १९ अंशांवर आहे, तिथे उत्तर येतं सुमारे १.१२, म्हणजे जेमतेम बारा टक्के फुगवटा. लंडनला उत्तर येतं २.६, मॉस्कोला ३.२.

आता महाराष्ट्र आणि ब्रिटन यांची तुलना करा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून होणारं युनायटेड किंग्डम सुमारे २ लाख ४४ हजारांचं. म्हणजे महाराष्ट्र सव्वापट मोठा. पण मर्केटर नकाशावर ब्रिटनचा फुगवटा जवळपास तिप्पट आहे. त्यामुळे तिथे ब्रिटन महाराष्ट्राच्या दुप्पट दिसतो. ज्या बेटाच्या राज्यकर्त्यांनी दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं, ते आपल्या एका राज्याहून लहान आहे, हे नकाशात पाहून कुणाच्या ध्यानात येणार नाही.

खुद्द भारतातही हा फरक पडतो. कन्याकुमारीजवळ आठव्या अक्षांशावर फुगवटा दोनच टक्के आहे, काश्मीरच्या उत्तर टोकाशी सदतिसाव्या अक्षांशावर तो पन्नास टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून जगाच्या मर्केटर नकाशातून कापून घेतलेला भारत आणि भारताच्या स्वतंत्र नकाशातला भारत एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत. देशाच्या स्वतंत्र नकाशासाठी बहुधा शंकू प्रक्षेपणाच्या कुटुंबातलं एखादं प्रक्षेपण वापरतात. तेवढ्या भागापुरतं ते जास्त प्रामाणिक असतं.

गैरसमज ५: मर्केटरचा नकाशा खोटा, पीटर्सचा नकाशा खरा.

वस्तुस्थिती: आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकारानं १९७३ मध्ये बॉन इथे पत्रकार परिषद घेऊन आपला नकाशा जगापुढे ठेवला. त्यात प्रत्येक देशाचं क्षेत्रफळ योग्य प्रमाणात होतं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि भारत आपापल्या मापाचे दिसत होते. तिसऱ्या जगाला न्याय देणारा नकाशा म्हणून चर्चसंस्था आणि मदतसंस्थांनी तो उचलून धरला. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या सार्वजनिक शाळांनी २०१७ मध्ये तो वर्गांत लावला, त्याचीही जगभर बातमी झाली.

नकाशाशास्त्रज्ञ मात्र वैतागले आणि त्याला कारणं होती. एक तर हे प्रक्षेपण नवं नव्हतं. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकानं ते १८५५ मध्येच ग्लासगोच्या एका विज्ञान परिषदेत मांडलं होतं. म्हणून आज त्याला गॉल-पीटर्स म्हणतात. दुसरं म्हणजे क्षेत्रफळ राखण्यासाठी त्यानं आकार सोडला. विषुववृत्तावर प्रत्येक भूभाग रुंदीच्या मानानं दुप्पट उंच होतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका वरून खाली ओढल्यासारख्या लांबुडक्या दिसतात. आकार धड राहतो तो पंचेचाळीसाव्या अक्षवृत्ताच्या आसपास, म्हणजे दक्षिण युरोप आणि अमेरिकेच्या उत्तर भागात. ज्या आफ्रिकेला न्याय द्यायचा होता, तिच्याच चेहऱ्याची चांगलीच ओढाताण झाली.

क्षेत्रफळ राखणारे दुसरे नकाशे आधीपासून होते. कार्ल मोलवाइडे याचं लंबगोल प्रक्षेपण १८०५ चं. अमेरिकेतल्या जॉन पॉल गुड यानं १९२३ मध्ये महासागरांना चिरा देऊन खंडांचे आकारही बऱ्यापैकी सांभाळले. काहींनी क्षेत्रफळ आणि आकार या दोन्हींशी तडजोड केली. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीनं १९८८ मध्ये आर्थर रॉबिन्सनचं आणि १९९८ मध्ये त्याच्या जागी ओस्वाल्ड विंकेल याचं १९२१ मधलं प्रक्षेपण स्वीकारलं. दोन्हींत काहीच अगदी अचूक नाही, पण काहीच फार बिघडलेलंही नाही. रॉबिन्सन आणि विंकेल या दोघांच्या नकाशांतही ग्रीनलंड खऱ्यापेक्षा थोडं मोठंच दिसतं. मात्र आफ्रिकेएवढं दिसत नाही.

गैरसमज ६: नकाशावर सरळ दिसते ती वाट सगळ्यात जवळची.

वस्तुस्थिती: मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाचा मार्ग सीटसमोरच्या पडद्यावर पाहिलेल्यांना प्रश्न पडतो: न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे कशाला चढतंय? जगाच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया ओलांडून अटलांटिकवर जाते. ती साधारण १४,२०० किलोमीटर भरते. आता घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो कझाकस्तान, मॉस्को आणि हेलसिंकीचा परिसर, नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जाऊन कॅनडातून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, म्हणजे १,७०० किलोमीटरची बचत. नकाशावर हाच दोरा मोठ्या कमानीसारखा दिसतो. वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे विमानं यापासून थोडी इकडेतिकडे होतात, पण मार्ग आखण्याची सुरुवात या दोऱ्यापासूनच होते.

मर्केटरची सरळ रेघ म्हणजे दिशा न बदलता जाण्याची वाट. ती सोपी असते, जवळची असेलच असं नाही. शिडाच्या जहाजाला सोपेपणा जास्त मोलाचा होता, आजच्या विमान कंपनीला इंधन.

गैरसमज ७: उपग्रह आणि गूगल मॅप्स आल्यावर हा प्रश्न संपला.

वस्तुस्थिती: उलट मर्केटरला दुसरा जन्म मिळाला तो इंटरनेटमुळेच. २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सनं आणि त्यानंतरच्या बहुतेक ऑनलाइन नकाशांनी मर्केटरचंच थोडं सोपं केलेलं रूप वापरलं. कारण पुन्हा व्यावहारिक आहे. या प्रक्षेपणात लहान जागेचा आकार आणि कोन बिघडत नाहीत. नागपूर असो वा ओस्लो, काटकोनात मिळणारे रस्ते काटकोनातच दिसतात आणि उत्तर सगळीकडे वरच राहते. शिवाय ८५ अंशांच्या जरा पुढे नकाशा कापला की जग नेमक्या चौरसात बसतं. त्या चौरसाचे चार, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार असे तुकडे करत जायचं आणि मोबाइलला हवे तेवढेच तुकडे पाठवायचे, ही सोय संगणकाला फार मानवते.

दादरहून ठाण्याला कसं जायचं हे पाहायचं असेल तर हा नकाशा उत्तम आहे. तिथे अंतरही बरोबर मिळतं, कारण ते कागदी लांबीवरून न मोजता पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावर मोजतात. घोळ होतो बोटांनी चिमटा काढून सगळं जग पडद्यावर आणलं की. अशा सपाट ऑनलाइन नकाशावर मुंबई पाहा आणि झूम न बदलता ओस्लोपर्यंत सरकत जा. कोपऱ्यातल्या पट्टीवरचं मोजमाप बदललेलं दिसेल. ओस्लोतला एक किलोमीटर मुंबईतल्या एका किलोमीटरच्या जवळपास दुप्पट लांबीनं काढलेला असतो. गूगलनं २०१८ पासून संगणकावरच्या नकाशात पूर्ण झूम आउट केलं की सपाट जगाऐवजी गोल दाखवायला सुरुवात केली, ती याचसाठी.

गैरसमज ८: उत्तर वर असणं हा तरी निसर्गाचाच नियम.

वस्तुस्थिती: अवकाशात वर-खाली काही नसतं. सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याच्यासाठी अल्-इद्रिसी या अरब भूगोलज्ञानं ११५४ मध्ये तयार केलेल्या नकाशात दक्षिण वर आहे. मध्ययुगीन युरोपातल्या अनेक जगनकाशांत पूर्व वर असायची. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी टिपलेल्या पृथ्वीच्या प्रसिद्ध छायाचित्रात मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला आहे. प्रसिद्ध करताना ते उलटं फिरवलं, एवढंच.

गैरसमज ९: आकार थोडा चुकला म्हणून बिघडतं काय?

वस्तुस्थिती: रस्ता शोधताना काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नकाशा रंगवायला घेतला की. जंगल किती, वाळवंट किती, तापमान कुठे किती वाढलं, कुठल्या पक्षाचं सरकार किती मुलखावर, असे नकाशे वर्तमानपत्रांत रोज येतात. त्यात डोळा आकडे वाचत नाही, रंगाचा विस्तार मोजतो. तापमानवाढीचा नकाशा घ्या. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश इतर जगापेक्षा वेगानं तापतोय हे खरं आहे. पण तोच नकाशा मर्केटरवर छापला, तर तो तापलेला प्रदेश दहा-वीस पट फुगतो आणि लाल रंग अर्धा कागद व्यापतो. तेच सहारा किंवा ॲमेझॉनमध्ये काही घडलं, तर ते कोपऱ्यात अंग चोरून बसल्यासारखं दिसतं. एकही आकडा खोटा नसताना वाचकाच्या मनात उमटणारं चित्र चुकतं. म्हणून विस्ताराची तुलना करायची असेल तिथे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ राखणारं, प्रक्षेपणच वापरावं, हा नकाशाशास्त्रातला जुना दंडक आहे.

दुसरं नुकसान मनात होतं. आफ्रिका लहान वाटली की तिथली अंतरंही लहान वाटतात. ‘आफ्रिकेत युद्ध’, ‘आफ्रिकेत साथ’ असं आपण सरसकट बोलून जातो, जणू तो एकच जिल्हा आहे. कैरोपासून केप टाऊन हे अंतर मुंबई-लंडन अंतराइतकं आहे, हे ध्यानात घेतलं की अशी वाक्यं जिभेवर येताना अडखळतात. २०१८ मध्ये तीन नकाशातज्ज्ञांनी मिळून ‘इक्वल अर्थ’ हे नवं प्रक्षेपण तयार केलं. क्षेत्रफळ अचूक आणि चेहराही ओळखीचा, असा त्यांचा प्रयत्न होता. मर्केटरऐवजी अशा नकाशाचा वापर करा, या मोहिमेला २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननं पाठिंबा दिला. त्यामागे ही दुखणी आहेत.

मग घरात, शाळेत कुठला नकाशा लावावा? देशांचे आकार मुलांच्या मनात नीट बसायला हवे असतील तर समक्षेत्र नकाशा, मग तो इक्वल अर्थ असो वा मोलवाइडे. भिंतीवर नुसतं जग पाहायचं तर विंकेल किंवा रॉबिन्सन. समुद्रावर जायचं किंवा गल्लीतलं दुकान शोधायचं तर मर्केटर, आणि त्यात अजिबात कमीपणा नाही. परवडत असेल तर सोबत एक पृथ्वीगोल ठेवावा, कारण वरच्या सगळ्या भांडणांतून मोकळा असा तो एकटाच आहे.

नकाशा विकत घेताना किंवा वर्गात लावताना एक सवय मात्र जरूर लावून घ्यावी. त्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात प्रक्षेपणाचं नाव छापलेलं असतं, ते वाचावं. नाव नसेल तर वरच्या बाजूचं ग्रीनलंड आणि मधली आफ्रिका यांच्याकडे नजर टाकावी. दोघं बरोबरीचे दिसले, तर तो नकाशा खलाशासाठी काढलेला आहे असं समजावं आणि त्यावरून कुणाचं मोठेपण ठरवू नये.